‘प्रयोजन मोघम आहे’: एका पानाच्या अहवालाचे दोन महिने

३ मार्चला सकाळी मॅडमनी बोलावून सांगितलं, "सहा वर्षांच्या तक्रारींचं काय ते एका पानावर बसव. वार्षिक बैठक ३० एप्रिलला आहे. आकड्यांची भिंत नको, बघताक्षणी कळलं पाहिजे." मी हो म्हणून मोकळी झाले. मनात म्हटलं, आठवड्याचं तर काम आहे. एक्सेल येतं, पिव्होट टेबल येतं, चार्टचं बटण कुठे असतं तेही ठाऊक आहे. आणखी काय लागतं?

ते पान २८ एप्रिलला संध्याकाळी तयार झालं. मधल्या काळात मी इंटरनेटवर पुष्कळ शोधलं. ‘दहा उत्तम साधनं’ छापाच्या याद्या ढिगाने मिळाल्या, पण पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत काय काय होतं आणि माणूस नेमका कुठे अडतो, ते कुणी सांगत नव्हतं. म्हणून माझ्या वहीतल्या नोंदी बघत हे लिहितेय.

पहिली अडचण आलेखाची नव्हतीच, कागदाची होती. तक्रारींची मूळ नोंद दुसऱ्या विभागाकडे असते. ती हवी तर माहिती-मागणीचा अर्ज भरायचा: कोणते रकाने, कोणता कालावधी, नावं आणि फोन नंबर लागणार का, फाइल कुठल्या संगणकावर ठेवणार, काम झाल्यावर कधी पुसणार. आणि सगळ्यात खाली, ‘माहितीचे प्रयोजन’. तिथे मी लिहिलं, "वार्षिक अहवालासाठी आलेख तयार करणे." ४ मार्चला अर्ज दिला, ९ तारखेला परत आला. कोपऱ्यात पेन्सिलीने शेरा: ‘प्रयोजन मोघम आहे.’

मी तडक रेकॉर्डच्या काकांकडे गेले. म्हटलं, "काका, आता यापेक्षा स्पष्ट काय लिहू?"

"तुम्हाला काय शोधायचंय ते लिहा."

"ते आकडे बघितल्यावर कळेल ना!"

"मग सगळेच आकडे द्यावे लागतील. आणि सगळे द्यायचे तर मला वरची सही लागते."

चरफडत जागेवर आले आणि तीन प्रश्न खरडले: तक्रारी वाढताहेत का, कुठल्या प्रकारच्या वाढताहेत, आणि सुटायला किती दिवस लागतात. त्या प्रश्नांना पुरतील तेवढेच पाच रकाने मागितले: तक्रार क्रमांक, आल्याची तारीख, निकाली निघाल्याची तारीख, प्रकार, माध्यम. नावं, फोन, पत्ते काहीच नको म्हणून लिहून दिलं. तरी दोन सह्या लागल्याच आणि त्यातले एक साहेब रजेवर होते, पण नावं मागितली असती तर तिसरी सही आणि वर गोपनीयतेचं हमीपत्र लागलं असतं. रकाने कमी मागा, फाइल लवकर हलते. माझी १९ मार्चला आली.

मधल्या दिवसांत हातात काहीच नव्हतं म्हणून वाचत बसले. विल्यम प्लेफेअरने १७८६ साली व्यापाराच्या आकड्यांचे रेषालेख छापले. त्याच पुस्तकात एक स्तंभालेखही आहे आणि त्याची गंमत मला फार आवडली. बाकीच्या आलेखांसाठी त्याच्याकडे बऱ्याच वर्षांचे आकडे होते. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे मिळाले, मग रेषा कशाची ओढणार? म्हणून स्कॉटलंडचा ज्या देशांशी व्यापार होता त्या प्रत्येकासाठी त्याने आयातीची एक आणि निर्यातीची एक अशा पट्ट्या काढल्या. आज जगभर वापरला जाणारा हा प्रकार आकडे अपुरे पडले म्हणून पुढे आला. वृत्तालेखही त्याचाच, १८०१चा.

जॉन स्नो या डॉक्टरांचा लंडनमधल्या कॉलऱ्याचा १८५४चा नकाशा तर सगळेच दाखवतात. ज्या घरात मृत्यू झाला तिथे छोट्या काळ्या रेघा, एकावर एक, आणि त्यांची दाटी ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवती. माझी समजूत अशी होती, की नकाशा काढला आणि त्यातून कारण सापडलं. तसं नव्हतं. कॉलरा पाण्यातून पसरतो हे म्हणणं त्यांनी १८४९ सालीच छापलं होतं, आणि त्या पंपाचा दांडा नकाशा छापून येण्याआधीच काढला गेला होता. नकाशा काढला तो ज्यांना पटत नव्हतं त्यांना दाखवायला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा १८५८चा पाकळ्यांचा आलेखही तसाच. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगांनी जास्त सैनिक मेले, हे एकच म्हणणं त्यात आहे. हे वाचताना काकांचा शेरा आठवत होता, पण तेव्हा मी अजून रागात होते.

फाइल उघडली आणि तो राग विसरले. एक्केचाळीस हजारांवर ओळी. प्रकाराच्या रकान्यात ‘बिल’, ‘बील’, ‘बिलिंग’, ‘बिल बाबत’ आणि शेवटी अदृश्य स्पेस असलेलं आणखी एक ‘बिल’. माणसाला सगळं एकच, संगणकाला पाच वेगवेगळे प्रकार. इथे ओपनरिफाइन नावाचं फुकट साधन देवासारखं धावून आलं. ते आपल्याच संगणकावर चालतं, फाइल बाहेर कुठे जात नाही. एकमेकांसारखे दिसणारे शब्द ते गटागटाने समोर ठेवतं, आपण फक्त ‘हे एकच’ असं सांगायचं. तरी डोळे उघडे ठेवा. ‘मीटर बदलणे’ आणि ‘मीटर बदलले’ एकाच गटात घालायला ते निघालं होतं. पहिली मागणी आहे, दुसरी तक्रार.

तारखांनी सर्वांत जास्त छळलं. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? दोन वेगळ्या संगणकांवर भरलेल्या नोंदी एकत्र केल्या होत्या आणि दोघांची पद्धत वेगळी. तारीख बारापेक्षा मोठी असली की कळतं, बाकीच्या वेळी अंदाजच. शेवटी तक्रार क्रमांकाच्या क्रमावरून तारखा लावल्या. काही ओळींत निकालाची तारीख चक्क ०० जानेवारी १९०० होती. एक्सेलमध्ये शून्याला तारखेचा साज चढवला की तो दिवस उगवतो. म्हणजे ती तक्रार निकाली निघालेलीच नव्हती, कुणीतरी रिकाम्या चौकटीत शून्य भरलं होतं. एक्सेलच्या या तारीखवेडाला शास्त्रज्ञही शरण गेलेत. सेप्ट-१, मार्च-१ अशा नावांच्या जनुकांची तारीख होऊन बसायची, म्हणून २०२०मध्ये त्या जनुकांची नावंच बदलण्यात आली. हे वाचल्यावर माझं दुःख जरा हलकं झालं.

एक सवय या काळात लागली ती सांगून ठेवते. मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत काढायची आणि प्रत्येक बदल वहीत टिपायचा: काय बदललं, किती ओळी, का. दुबार नोंदी काढल्या, सदतीस. येण्याआधीच निकाली निघालेल्या तक्रारी बाजूला ठेवल्या, दोनशे बारा. तेव्हा ही कारकुनी वाटली होती. महिन्याभराने तिनेच वाचवलं.

साफसफाई ३१ मार्चला संपली. दोन महिन्यांतल्या एकशे वीस-एक तासांपैकी सत्तरच्या आसपास तास याच कामात गेले. सत्तर तास आणि एकही आलेख नाही! घरी कुणी विचारलं काय करतेस, तर सांगायला तोंड नव्हतं.

मग साधनांचा प्रश्न. एक नामांकित विकतचं सॉफ्टवेअर मागून पाहिलं. खरेदीसाठी तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, मंजुरी. ३० एप्रिलच्या आत ते येणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. मग फुकटातली साधनं बघायला लागले. ब्राउझरमध्ये चालणारा डेटारॅपर हा प्रकार मला सर्वांत सरळ वाटला. तक्ता चिकटवायचा, आलेखाचा प्रकार निवडायचा, मथळा आणि टिपा लिहायच्या. पण आमच्या नोंदी अशा बाहेरच्या सेवेवर टाकायच्या का? आयटी विभागाला विचारलं. चार दिवसांनी उत्तर आलं: मूळ ओळी बाहेर जाणार नाहीत, बेरजा चालतील. विचारलं हे बरंच झालं, कारण काही सेवांच्या फुकट आवृत्तीत केलेलं काम सगळ्या जगाला दिसेल असं प्रसिद्ध होतं. मी सगळं मोजमाप ऑफिसच्या संगणकावर केलं आणि बाहेर नेला तो फक्त बहात्तर ओळींचा तक्ता. सहा वर्षं, दर वर्षी बारा महिने.

प्रोग्रामिंगशी ओळख असेल तर आर या भाषेतलं जीजीप्लॉट२ किंवा पायथन या भाषेतलं मॅटप्लॉटलिब आहेच. दोन्ही फुकट. मला थोडंसं पायथन येतं म्हणून उत्साहाने बसले आणि मराठीने पाय ओढला. ‘निकाली’ लिहिलं तर पहिली वेलांटी न च्या उजवीकडे जाऊन बसली आणि जोडाक्षरांचे तुकडे झाले. फॉन्ट बदलला, तरी तेच. चूक फॉन्टची नव्हती, देवनागरी अक्षरांची जुळणी करण्याची होती. एक संध्याकाळ वाया गेल्यावर उपाय सापडला. चित्र ठिपक्यांच्या पीएनजी फाइलऐवजी रेषा-अक्षरांच्या एसव्हीजी फाइलमध्ये साठवायचं आणि अक्षरांचे आकार न करता ती अक्षरंच राहू द्यायची सेटिंग लावायची. मग ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की ब्राउझर वेलांट्या जागच्या जागी लावतो. मराठीत लेबलं लिहिणाऱ्यांनी कामाच्या पहिल्याच दिवशी ‘निश्चित’ आणि ‘किंमत’ हे दोन शब्द छापून बघावेत.

५ एप्रिलला पहिला मसुदा घेऊन गेले. मला तो फार आवडला होता. एका पानावर चौदा चित्रं! नऊ फोडींचा वृत्तालेख, तोही तिरका आणि जाड, थ्रीडी. घड्याळासारखे काटे असलेले दोन गोल. सहा रंगांच्या सहा रेषा एकमेकींत गुंतलेल्या. मॅडमनी पान हातात धरलं, लांब नेलं, जवळ आणलं. मग विचारलं, "यातलं मी काय बघू?"

उत्तर देता आलं नाही. मी जे जे काढता येत होतं ते सगळं काढलं होतं. परत येऊन अर्जाची प्रत ड्रॉवरमधून काढली. तीन प्रश्न तिथेच होते, माझ्याच अक्षरात. चौदापैकी अकरा चित्रं त्यांतल्या एकाचंही उत्तर देत नव्हती.

त्या रात्री क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांच्या १९८४च्या प्रयोगांबद्दल वाचलं. लोकांना आलेख दाखवून त्यांनी विचारलं, हा भाग त्या भागाच्या किती टक्के आहे. एकाच पट्टीवरची जागा ताडताना लोक सर्वांत कमी चुकतात. लांबी आणि कोन ताडताना जास्त चुकतात, आणि त्यांच्या क्रमवारीत क्षेत्रफळ तर त्याहूनही खाली आहे. वृत्तालेख म्हणजे कोन आणि क्षेत्रफळ. त्यात थ्रीडी केलं की पुढची फोड उगाच मोठी दिसते. माझ्या चित्रात ‘इतर’ ही फोड पुढे आली होती आणि पानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट ‘इतर’ आहे असं वाटत होतं. नऊ फोडींच्या नऊ आडव्या पट्ट्या केल्या, मोठीपासून छोटीपर्यंत लावल्या. नावं डावीकडे सरळ वाचता येतील अशी, आकडा पट्टीच्या टोकाला. वृत्तालेख वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. दोन-तीन फोडी असतील आणि ‘निम्म्याहून जास्त’ एवढंच सांगायचं असेल तर तो मुकाट काम करतो.

शून्याचं एक पथ्य लगेच कळलं. पट्टीची लांबीच आकडा सांगते, म्हणून पट्टी शून्यापासून सुरू झालीच पाहिजे. एक्सेलने माझ्या एका आलेखात अक्ष आपणहून वरून सुरू केला होता आणि जेमतेम पाच टक्क्यांचा फरक तिप्पट दिसत होता. रेषेला ही सक्ती नाही, तिथे चढउतार बघायचा असतो. पण अक्ष कुठून सुरू होतो ते स्पष्ट दिसू द्यावं.

सहा रंगी रेषांचं कोडं सुटलं ते वेगळ्याच कारणाने. शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याला पान दाखवलं आणि म्हटलं, हिरवी रेषा बघ. तो म्हणाला, "यातली हिरवी कुठली?" तीन वर्षं शेजारी बसतो, मला कधी कळलंच नव्हतं. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारात एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. आणि आमच्याकडे लाल म्हणजे प्रलंबित, हिरवं म्हणजे निकाली, हीच सर्रास पद्धत. कलरब्रूअर या संकेतस्थळावर रंगांध व्यक्तींना चालणाऱ्या आणि छपाईत टिकणाऱ्या रंगजोड्या वेगळ्या निवडता येतात. मी त्याहून सोपं केलं. पाच रेषा करड्या, एक गडद निळी. रंगांची सूची काढून टाकली आणि प्रत्येक रेषेच्या टोकालाच तिचं नाव लिहिलं. नजर दरवेळी कोपऱ्यातल्या सूचीकडे पळायची ती थांबली. रंगीत छपाईला वेगळी परवानगी लागते, म्हणून पान काळ्या-पांढऱ्यातही छापून बघितलं. निळी रेषा तरीही उठून दिसली.

आता पान हलकं झालं होतं आणि मी खुशीत होते. मुख्य रेषालेखाचा मथळा दिला: ‘तक्रारी दोन वर्षांत दुप्पट’. रेषा तसंच तर म्हणत होती. तीन वर्षं जवळपास सपाट, चौथ्या वर्षाच्या मध्यावर एकदम उडी, मग वरच. १६ एप्रिलला आकडे ताडून घ्यायला काकांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, उडीच्या जागी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा जुलै ना? तेव्हाच तर ऑनलाइन फॉर्म सुरू झाला."

पोटात खड्डा पडला.

माध्यमाचा रकाना मीच मागून घेतला होता आणि तो उघडून बघितला नव्हता. जागेवर आले, रेषा माध्यमांप्रमाणे वेगळ्या केल्या. खिडकी आणि फोनवरच्या तक्रारी हळूहळू कमीच होत होत्या. उडी सगळी ऑनलाइनची. लोकांचा त्रास दुप्पट झाला होता, की पूर्वी जे रांगेच्या भीतीने यायचेच नाहीत ते आता घरबसल्या लिहू लागले होते? या आकड्यांतून ते सांगता येत नाही. बैठकीत मी ‘दुप्पट’ म्हणाले असते तर कुणाच्या तरी मानगुटीवर ते बसलं असतं. मथळा बदलला: ‘ऑनलाइन फॉर्मनंतर नोंदणी दुप्पट, खिडकीवरच्या तक्रारी घटल्या’. त्या जुलैवर एक उभी तुटक रेघ आणि शेजारी बारीक अक्षरात, ‘येथे ऑनलाइन फॉर्म सुरू’. अख्ख्या पानावरचे सर्वांत उपयोगी चार शब्द हेच, आणि ते कुठल्याही फाइलमध्ये नव्हते. काकांच्या डोक्यात होते.

आकड्यांची बेरीज-सरासरी काढून न थांबता ते आधी आलेखावर मांडून बघावेत, हे ॲन्स्कम या संख्याशास्त्रज्ञांनी १९७३ साली चार छोट्या तक्त्यांनी दाखवलं होतं. प्रत्येकात अकरा जोड्या. चारही तक्त्यांची सरासरी सारखी, विचरण, म्हणजे आकड्यांचा पसारा, जवळजवळ सारखं, सहसंबंध ०.८२च्या आसपास. काढून बघा, तर एक सरळसा पुंजका, एक कमान, एक चोख रेघ पण एक बिंदू भलतीकडे, आणि एकात दहा बिंदू उभ्या रांगेत आणि अकरावा दूर एकटा. हे वाचून मी मान डोलावली होती. तरी तिसऱ्या प्रश्नात माझी मान अडकलीच.

तक्रार सुटायला सरासरी नऊ दिवस, असं निघालं. ठळक अक्षरात लिहिलंही. मग हिस्टोग्राम, म्हणजे शाळेतला आयतालेख, काढला. बहुतेक तक्रारी दोन-चार दिवसांतच सुटलेल्या आणि उजवीकडे लांबच लांब शेपूट, काही तर दोनशे दिवसांपलीकडे. मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर बरोबर मधला, तीन दिवस. नऊ दिवस लागलेली तक्रार शोधायला गेलं तर फारशी सापडतच नव्हती! सरासरी अशा एका ठिकाणी उभी होती जिथे कुणीच राहत नाही. पानावर मग असं लिहिलं: निम्म्या तक्रारी तीन दिवसांत सुटतात, दहातली एक महिन्याहून जास्त रखडते.

दुसरा सापळा याच्या आत दडला होता आणि त्याने मला तीन दिवस खाल्ले. महिन्यागणिक मध्यक काढला तर शेवटच्या दोन महिन्यांत तो झपकन खाली आला. कामात केवढी सुधारणा! मॅडमना आवडलं असतं. पण गेल्या महिन्यात आलेल्या आणि निकाली निघालेल्या तक्रारी कुठल्या असणार? ज्या लवकर सुटल्या त्याच. रखडणाऱ्या अजून रखडताहेत. त्यांना निकालाची तारीखच नाही, म्हणून त्या मोजणीत आल्याच नाहीत. कुठलंही वर्ष घ्या, शेवटचे महिने असेच गोजिरे दिसणार. उपाय साधा निघाला. दिवस मोजण्याऐवजी प्रश्न बदलला: आलेल्या तक्रारींपैकी किती टक्के तीस दिवसांच्या आत सुटल्या? आणि ज्या महिन्यातल्या सगळ्या तक्रारींना तीस दिवस पूर्ण झालेले नाहीत, तो महिना आलेखात घ्यायचाच नाही. रेषा एका महिन्याने आखूड झाली आणि सुधारणा नाहीशी झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

२३ एप्रिलला तिघांना बसवून परीक्षा घेतली. पान दहा सेकंद दाखवायचं, उलटं ठेवायचं आणि विचारायचं, काय दिसलं? ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. दोघांनी ऑनलाइनची उडी सांगितली. तिसरीने सांगितलं, "बिलाच्या तक्रारी सर्वांत कमी आहेत ना?" त्या सर्वांत जास्त होत्या. मी पट्ट्यांच्या यादीत ठळक निळा रंग सर्वांत खालच्या पट्टीला दिला होता, कारण तिची वाढ मला लक्षवेधी वाटत होती. तिने निळं बघितलं आणि वरचं नाव त्याला जोडलं. एका पानावर निळा रंग दोन वेगळ्या अर्थांनी वापरला की असं होतं. पट्टी करडी केली.

मग मंजुरी. लेखा विभागाने पान परत पाठवलं: एकूण तक्रारींचा आकडा छापील वार्षिक अहवालातल्या आकड्याशी जुळत नाही. फरक सदतीसचा. वही उघडली, दुबार नोंदींचं पान दाखवलं, तळटीप टाकली, दोन दिवसांनी सही मिळाली. बाजूला ठेवलेल्या दोनशे बारा ओळींचीही तळटीप तेव्हाच घातली. त्या एकूण आकड्यात मोजल्यात, दिवसांच्या हिशेबात नाहीत. वही नसती तर तो सदतीसचा फरक शोधायला पुन्हा मार्चपासून सुरुवात करावी लागली असती.

शेवटच्या पानावर चौदाऐवजी तीन आलेख होते. ३० एप्रिलला ते पडद्यावर आलं आणि माझ्या पाचही करड्या रेषा गायब! संगणकावर नाजूक दिसणारा फिकट करडा रंग प्रोजेक्टरच्या उजेडात धुऊन निघाला होता. पांढऱ्या पडद्यावर एकच निळी रेघ एकटी फिरत होती. नशिबाने छापील प्रती वाटल्या होत्या, सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि कागद वाचले. जिथे दाखवायचं त्याच पडद्यावर आदल्या दिवशी एकदा बघून घ्या. मला सुचलं नाही.

प्रश्न चारच आले आणि एकही ‘हे काय आहे’ असा नव्हता. बैठक संपल्यावर प्रती गोळा करताना एकीवर पेन्सिलीने गोल केलेला दिसला. तीस दिवसांच्या रेषेत, पाचव्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एक छोटासा खड्डा आहे. मी तो शंभर वेळा बघितला होता आणि शंभर वेळा तसाच सोडला होता. गोलाशेजारी लिहिलं होतं, ‘इथे काय झालं?’

४ मेला नवा अर्ज भरला. प्रयोजनाच्या जागी लिहिलं: "पाचव्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तीस दिवसांत सुटलेल्या तक्रारींचे प्रमाण का घटले? त्या महिन्यात एकाच प्रकारच्या तक्रारी रखडल्या की सर्वच?" रकाने चार, कालावधी तीन महिने.

काकांनी दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. "प्रयोजन चांगलं आहे," म्हणाले. "सहीवाले साहेब मात्र रजेवर आहेत. सोमवारी या."